पंधराव्या दिवसाची संध्याकाळ

स्प्रूस लेज, नोव्हा स्कोशिया
२४ सप्टेंबर २०१८

आई,

कालची बातमी तुझ्यापर्यंत पोचलीच असेल. मासळीच्या कारखान्यात सकाळच्या चहापर्यंत गावाचं सगळं कळतं, आणि डोरीन सुरेटची बहीण तुझ्याच टेबलावर मासे साफ करते. ती कसं सांगणार हे मला माहीत आहे, म्हणून एकदा माझ्याकडून ऐक.

काल स्टेला मारिस चर्चमध्ये रविवारची मिस्सा होती. अँग्लिकन घरांतून आलेले आम्ही सातही जण एका रांगेत होतो. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. कॅथलिक लोक ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ इथे थांबतात, पुढे फादर एकटे थोडं बोलतात आणि मगच उरलेलं सगळे मिळून म्हणतात. हे मला ठाऊक आहे. ईस्टरला मी आपलं सेंट एडन सोडून कॅथलिक झाले तेव्हापासून ठाऊक आहे. पण आपल्याकडे मध्ये थांबत नाहीत, आणि जीभ मला विचारून चालत नाही. सगळं चर्च थांबलं आणि आमची रांग चालूच राहिली: ‘कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही सदासर्वकाळ तुझीच आहेत.’ वेंडेलकाका तर सगळ्यांत मोठ्याने. त्यांना कमी ऐकू येतं, बाकीचे थांबलेत हे त्यांना कळलंच नाही. आमेनसुद्धा म्हणाले. फादर गिलिस हात पसरून तसेच उभे. पुढच्या रांगांतली सगळी डोकी मागे वळली.

बाहेर पायऱ्यांवर डोरीनने मला गाठलं.

“काय गं मार्नी, तुमच्या गाडीला ब्रेक नाहीत?”

“आहेत, पण उतारावर लागत नाहीत.”

ती हसली नाही. “कॅथलिक व्हायचं तर पूर्ण व्हा. अर्धं सामान समोर सेंट एडनच्या घरात ठेवून इकडे संसार होत नाही.”

“सामान आम्ही घेऊनच आलोय, मिसेस सुरेट. तेच तर तुम्हाला नको आहे.”

मोठ्या बाईशी असं बोलणं शोभत नाही, असं तू म्हणशील. मला शोभतं. मी तुझीच मुलगी आहे.

तू फोन उचलत नाहीस, आणि दार उघडलंस तरी साखळी काढत नाहीस. म्हणून हे पत्र. माझ्या खोलीपासून तुझं घर तीन गल्ल्यांवर आहे, तरी हे पाकीट आधी हॅलिफॅक्सला जाईल, तिथे शिक्का खाईल आणि उलटं फिरून तुझ्या पेटीत येईल. इतक्या लांबून आलेल्याला आत घे.

माफी मागायला मी लिहीत नाहीये, हे आधीच सांगते.

मार्नी


४ ऑक्टोबर

आई,

उत्तर आलं नाही. पाकीट परतही आलं नाही. म्हणजे घेतलंस.

मंगळवारी स्टेला मारिसच्या समितीची बैठक झाली. विषय होता आम्ही. डोरीनने सरळ विचारलं, “गुरुवारी पाच वाजता ही माणसं बाजूच्या खोलीत नक्की करतात काय?”

वेंडेलकाका उभे राहिले. तुला माहीतच आहे ते कसे उभे राहतात, जणू अजून सेंट एडनमध्ये धडा वाचायचाय. “सायंप्रार्थना. स्तोत्रं, दोन धडे, मरियेचं गीत, शिमोनाचं गीत. मग चहा.”

“फादरशिवाय?”

“फादरशिवाय.”

“मग ती प्रार्थना कसली?”

“बाई, फादरला यायला उशीर झाला तर देव काय बाहेर गाडीत बसून राहतो?”

फादर गिलिस हसले आणि मग हसलो नाही असं दाखवत खोकले. त्यांनीच समितीला समजावलं. अँग्लिकन घरांत वाढून कॅथलिक झालेल्यांसाठी रोमने सोय केली आहे: या, आणि येताना आपली जुनी प्रार्थना, आपली स्तोत्रं घेऊन या. मोठ्या शहरांत अशा लोकांची स्वतःची चर्च आहेत, स्वतःचे फादर आहेत. आमच्यासारख्या गावात असतं ते नुसतं मंडळ: पाच-सात माणसं, उसनी खोली आणि किटली.

“रोमचं रोमपाशी,” डोरीन म्हणाली. “पहिल्या कम्युनियनच्या मुलांना वर्गाला जागा नाही. आणि यांना वेगळं कशाला हवं? आमच्या जपमाळेच्या मंडळात बसा की! कुणी नाही म्हटलंय?”

शेवटी ठरलं ते असं. ओंटारियोहून फादर पेनहेल येणार आहेत. आमच्यासारख्या मंडळांकडे तेच बघतात. ते एका गुरुवारी आमच्यात बसतील, सायंप्रार्थना ऐकतील. हे खरंच एक मंडळ आहे, यातून पुढे काही उभं राहील, असं त्यांना वाटलं तर खोली आमची आणि अधूनमधून फादरही आमचे. नुसतीच जुन्या आठवणी काढत बसलेली सात माणसं आहेत असं वाटलं, तर खोली मुलांची आणि आम्ही जपमाळेत. म्हणजे संपलंच.

फादर पेनहेल पूर्वी अँग्लिकन पाळक होते, तेव्हाच त्यांचं लग्न झालेलं. बायकोही बरोबर येणार आहे. हे कळल्यावर डोरीनने हातातली पेन्सिल खाली ठेवली. “फादरची बायको? तिला हाक काय मारायची, मिसेस फादर?”

आता खरी गोष्ट. ते येणार गुरुवारी, पंधरा नोव्हेंबरला. तू हे वाचून हसली असशील, मला माहीत आहे. आपल्या जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकात महिन्याच्या प्रत्येक दिवसाची सकाळ-संध्याकाळची स्तोत्रं ठरलेली आहेत, आणि पंधराव्या दिवसाच्या संध्याकाळी काय येतं हे या किनाऱ्यावर ज्याने ज्याने अंगात गायकांचा पांढरा झगा घातलाय त्याला ठाऊक आहे. अठ्ठ्याहत्तरावं. सत्तरहून जास्त वचनं. लहानपणी मी त्यात पन्नासाव्याच्या आसपास झोपायचे आणि तू ऑर्गनच्या बाकावरून बुटाच्या टोकाने मला उठवायचीस.

मंडळातल्या कॉर्कम बहिणी म्हणाल्या, त्या दिवसापुरतं लहान स्तोत्र घेऊ. मी म्हटलं, नाही. ज्या दिवशी जे येतं ते गायचं, हीच तर आपली रीत. पाहुणे आले म्हणून भिंती हलवायच्या नाहीत.

पण आम्ही वाद्याशिवाय गातो, आणि पहिल्या वचनाला ज्या सुरात असतो त्याच्या तळघरात दहाव्या वचनापर्यंत पोचतो. सत्तराव्याला काय होईल? त्या खोलीत एक पायपेटी आहे. भाता शाबूत आहे, मी पाहिलाय. तिला हात लावणारं कुणी नाही.

तू ये. एक संध्याकाळ. तुझ्याशिवाय या गावात ते सूर कुणाच्या हातात नाहीत.

कॅथलिक हो असं मी म्हणत नाहीये. वाजव, एवढंच म्हणतेय.

मार्नी


१४ ऑक्टोबर

आई,

काल को-ऑपच्या दुकानात जे झालं ते मी लिहून ठेवतेय, म्हणजे नंतर तू ‘मी असं बोललेच नाही’ म्हणायला नको.

तू बटाटे निवडत होतीस. मी शेजारी येऊन उभी राहिले. तू माझ्याकडे न बघता गल्ल्यावरच्या ग्लॅडिसला म्हणालीस, “ग्लॅडिस, इथे कुणीतरी उभं आहे. तिला सांग, पत्रं लिहून हात दुखवून घेऊ नकोस.”

“ग्लॅडिसबाई,” मी म्हटलं, “त्यांना सांगा, हात माझेच आहेत.”

“तिला सांग, डिग्री मिळाली म्हणजे अक्कल मिळते असं नाही.”

“त्यांना सांगा, हे मी डिग्री मिळायच्या आधीपासून ऐकतेय.”

“तुम्ही दोघी माझ्या डोक्यावरून चेंडू टोलवू नका,” ग्लॅडिस म्हणाली. “बटाटे घेणार आहात का कुणी?”

“घेणार आहे. आणि तिला हेही सांग, की ज्या सुरांवर हिचा बाप्तिस्मा झाला, ज्या सुरांवर बिशपने हिच्या डोक्यावर हात ठेवला, ते सूर ही चोरून गल्लीपलीकडे घेऊन गेली. आता चोरीचा माल नीट लावून द्यायलाही मीच जाऊ? मी त्या पायपेटीला बोट लावणार नाही.”

मग तू माझ्या बुटांकडे पाहिलंस. आतापर्यंतच्या सगळ्या बोलण्यापेक्षा ते जास्त वेळ चाललं. हो, मागच्या वर्षीचेच आहेत. पाणी आत येत नाही. फारसं येत नाही.

मी ठीक आहे. खोली उबदार आहे. खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून रंगाचा वास येतो, पण त्याची सवय होते.

चोरी या शब्दाचं उत्तर मी देणार आहे. आज रागात आहे, म्हणून आज देत नाही.

मार्नी


२२ ऑक्टोबर

आई,

काल बाबा आले होते. बोट धक्क्याला लागली आणि घरी जायच्या आधी माझ्याकडे आले. दारातच उभे. हातात कालवांची पिशवी.

“आत या की.”

“बूट ओले आहेत.”

“आई पत्रं वाचते का?”

बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “तू शाई चांगली वापरतेस, म्हणते.”

“म्हणजे वाचते.”

“मी तसं म्हटलं नाही.” मग पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, “हॅलिफॅक्सच्या शाळेचं काय झालं? तुझ्या मैत्रिणीची आई धक्क्यावर भेटली होती.”

म्हणजे आता तुलाही कळलं असेल. मी ते तुला सांगणार नव्हते, आणि का नव्हते तेही तुला कळेल. हो. हॅलिफॅक्सच्या शाळेने मला कायमची नोकरी देऊ केली होती, आणि मी नाही म्हटलं. इथे आठवड्यातून दोन-तीन दिवस बदली शिक्षिका म्हणून बोलावतात, त्यावर माझं चालतं.

तू म्हणणार, कारखान्याच्या थंडगार पाण्यात बोटं घालून हिला शिकवली ती काय याच गल्लीत बसायला? झ्विकरांच्या घरात पहिली पदवी आली आणि ती गुरुवारी सात म्हाताऱ्यांना चहा पाजते!

सातातली एक मी आहे, म्हणजे म्हातारी सहाच. दुसरं, हॅलिफॅक्समध्ये असं मंडळ आधीच आहे. तिथे मी आणखी एक खुर्ची झाले असते. इथे मी गेले तर वेंडेलकाकांना धडा वाचायला दुसरं माणूस नाही, कॉर्कम बहिणींना घरून आणायला गाडी नाही, आणि पंधरा नोव्हेंबरला फादर पेनहेलना दाखवायला मंडळच नाही. ज्यावर माझा विश्वास आहे ते जिथे दुबळं आहे तिथेच मी उभी राहणार. हे मला विद्यापीठात कुणी शिकवलं नाही. सेंट एडनमध्ये गाणारे कमी होत होत चार उरले तेव्हा एक बाई म्हणाली होती, “चार तर चार, मी वाजवणार.”

कालवं लोण्यात परतली. छान झाली. बाबांना सांग.

मार्नी


५ नोव्हेंबर

आई,

आता चोरीबद्दल.

चोरी झाली की ज्याची वस्तू त्याच्याकडे ती उरत नाही. तुझ्याकडे काय कमी झालं ते सांग. ऑर्गन तिथेच आहे. पुस्तकं तिथेच आहेत. गुरुवारी कारखान्यातून सुटून तू थेट सेंट एडनला सरावाला जातेस तेव्हा आम्ही समोरच्या खोलीत असतो. बंद दारांतून आणि दोन भिंतींतून तुझ्या ऑर्गनचा फक्त खालचा आवाज आमच्याकडे येतो, लांब कुणी बोटीचं इंजिन सुरू ठेवावं तसा. कॉर्कम बहिणींतली धाकटी दर वेळी म्हणते, “वर्ना आली.” आणि मग आम्ही सुरू करतो. हे तुला सांगायचं नव्हतं. पण आता लपवाछपवी करायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

वेंडेलकाकांनी मला पळवलं, असं तू गावभर सांगतेस. वेंडेलकाकांना साधी मांजर पळवता येत नाही. मी गेले ती माझ्या पायांनी गेले. त्यांच्या आधी तीन वर्षं मी वाचत होते, विचारत होते, फादरांशी भांडत होते. तुझ्याशी बोलायचा प्रयत्न मी केला होता. तू दर वेळी स्वयंपाकघरातला नळ सोडायचीस.

तू विचारलंस, बाबांकरवी: “आमच्याकडे काय कमी होतं?”

काहीच कमी नव्हतं. म्हणून तर मी रिकाम्या हातांनी निघाले नाही. कुणाला आपल्या घराची लाज वाटत असेल तर तो नव्या घरी जाताना जुने कपडे, जुनी बोली, सगळं टाकून जातो. मला ते करायला सांगणारे इकडे पुष्कळ आहेत. डोरीन दर रविवारी सांगते. मी ऐकत नाही. इकडच्यांशी मी भांडते ते तू दिलेलं सोडायला लागू नये म्हणून, आणि तिकडे तू मला घरात घेत नाहीस ते मी तुझं सोडलं म्हणून. दोन्हीकडून मार खाणारी मी एकच आहे.

माझी श्रद्धा अशी आहे की चर्च एकच असायला हवं. आणि त्या एका चर्चमध्ये स्प्रूस लेजच्या बायकांचा सूरही असायला हवा. तो नसेल तर ते पूर्ण नाही. यातलं कुठलं अर्धं मी सोडून देऊ, ते तू सांग. मी दोन्हींतलं एकही सोडणार नाही.

तुला हे वेड वाटत असेल तर वाटू दे. पण वाटा आणि चोरी यांतला फरक तुला कळतो. मी माझा वाटा घेतला. मुलगी म्हणून माझा होता तो.

मार्नी


१३ नोव्हेंबर

आई,

बाबांनी निरोप दिला. “सांग तिला, मी त्या चर्चमध्ये पाय ठेवणार नाही, वाजवणं तर लांबच.”

बरं.

परवा पाच वाजता आम्ही सुरू करू. तुझ्याशिवाय. स्तोत्र बदलणार नाही, एक वचनही गाळणार नाही. पडलो तर फादर पेनहेलसमोर पडू, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन पडू. मी तुला पुन्हा विचारणार नाही.

मार्नी


१६ नोव्हेंबर

आई,

आता तू काही सांगायच्या आत मी सांगते, नीट, क्रमाने. भिंतीच्या या बाजूला काय झालं ते तुला दिसलं नाही.

फादर पेनहेल उंच, वाकलेले, बर्फाचे बूट घालून आलेले. त्यांची बायको बुटकी, हसरी, आणि येताना घरचे ओटकेक, ओटची जाड बिस्किटं, घेऊन आलेली. डोरीन समितीची साक्षीदार म्हणून दाराजवळच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसली. बाई आत आल्या तशी ती उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली.

“मला मॉड म्हणा,” बाई म्हणाल्या.

“देवा,” डोरीन म्हणाली आणि बसली.

वेंडेलकाकांना सकाळपासून सर्दी होती. पापांच्या कबुलीची प्रार्थना त्यांनी म्हटली, ती जेमतेम. मग स्तोत्र. त्यांनी सूर दिला, आम्ही उचलला, आणि सहाव्या-सातव्या वचनाला आम्ही इतके खाली आलो की थोरल्या मिस कॉर्कमने गाणं सोडून नुसते ओठ हलवायला सुरुवात केली. नर्स असलेली पॉलेट एकटी वर राहिली, तिला वाटलं आपलंच चुकतंय, तीही गप्प झाली. मग फक्त मी आणि वेंडेलकाका, दोन वेगवेगळ्या सुरांत. मग वेंडेलकाकांना खोकला आला.

फादर पेनहेल पुस्तकात बघत राहिले, सभ्य माणसं अशा वेळी बघतात तसे.

मी म्हटलं, “पुन्हा पहिल्यापासून.” माझा आवाज कसा निघाला मला माहीत नाही. ऐकून धाकटी मिस कॉर्कम घाबरून सरळ बसली.

तेवढ्यात ती म्हणाली, “वर्ना आली.”

पण आज ती नेहमीची इंजिनासारखी घरघर नव्हती. वरचे सूरही येत होते. डोरीनच्या खुर्चीशेजारीच खिडकी होती, तिने मान वळवली.

“बाई वेडी झाली की काय?” ती म्हणाली. “एवढ्या वाऱ्यात सेंट एडनची दोन्ही दारं सताड उघडी टाकलीत! दगड लावून!”

कुणी हललं नाही. डोरीनच उठली. आधी तिने आमच्या खोलीचं दार उघडलं, मग बाहेरचं. सगळी गरमी एका झटक्यात निघून गेली आणि ऑर्गन आत आला.

तुझा सूर. पंधराव्या संध्याकाळचा, तू नेहमी घेतेस तोच. तू तो एकदा पूर्ण वाजवलास आणि थांबलीस. आम्ही अजून तोंड उघडलं नव्हतं. पुन्हा वाजवलास. थांबलीस. मला दिसलं, तू ऑर्गनच्या आरशात दारातून गल्लीकडे बघते आहेस. खरं तर मला काहीही दिसलं नाही, पण मला माहीत आहे. तिसऱ्यांदा वाजवलास तो जरा जोरात, आणि त्यात चक्क वैताग होता. तो वैताग मी ओळखते. मी वयाच्या सहाव्या वर्षापासून त्यावर उठलेय.

आम्ही सुरू केलं.

सत्तरहून जास्त वचनं, आई. अरण्य, फाटलेला समुद्र, खडकातून पाणी, आभाळातून पडलेलं अन्न, आणि एवढं सगळं मिळूनही कुरकुर करणारी ती माणसं. आमची बोटं गारठली. वाऱ्याने कागद उडत होते, मॉडबाईंनी ओटकेकचा डबा त्यांच्यावर ठेवला. प्रत्येक वचनाच्या मध्यावर तू श्वासापुरती जागा सोडत होतीस, आणि त्या जागेत गल्लीतला वारा ऐकू यायचा, मग आम्ही, मग तू. एकदाही आम्ही खाली आलो नाही. वेंडेलकाका मध्येच रडले, पण सुरात रडले. रिकाम्या चर्चमध्ये, दारं उघडी टाकून, कोट घालून, हे सगळं स्तोत्र सरावासाठी कुणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत नाही. तू बाबांना काय सांगायचं ते सांग. चर्चच्या भट्टीचा धूर कोंडला होता म्हण. बाबा मान डोलवतील.

पित्याला, पुत्राला गौरव असो, इथपर्यंत तू आलीस. शेवटचा सूर सोडलास. मग समोरचं एक दार आपटल्याचा आवाज आला, मग दुसरं.

“आमेन,” डोरीन म्हणाली.

बाकीची प्रार्थना आम्ही बोललो. मग चहा. तेव्हा फादर पेनहेल म्हणाले, सात माणसं कमी आहेत, सूर अजून कच्चा आहे, आणि सर्दी झालेल्या माणसाने नेतृत्व करू नये. मग डोरीनकडे वळून म्हणाले, “पण हे मंडळ आहे. खोली यांच्याकडे राहू द्या. मी वसंतात पुन्हा येईन.”

“मी कुठे नाही म्हटलं?” डोरीन म्हणाली. “मुलांना वरची खोली आहे की.” आणि तिने तिसरा ओटकेक घेतला.

निघताना फादर पेनहेलनी मला विचारलं, “वाजवणाऱ्या बाई तुमच्या मंडळातल्या आहेत का?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सहज म्हणता आलं असतं, अजून नाही. किंवा, हळूहळू येतील. ते ऐकून त्यांना बरं वाटलं असतं. असं काहीतरी ऐकायची अपेक्षाही होती.

“नाही,” मी म्हटलं. “ती माझी आई आहे. सेंट एडनची आहे, हाडाची. इकडे कधीही येणार नाही.”

हे मी मान वर करून सांगितलं. तुझ्या वतीने कुणाला खोटी आशा लावणार नाही, आणि कुणी तुला इकडे ओढायला लागलं तर आधी त्याला माझ्याशी भांडावं लागेल.

मीही तिकडे परत येणार नाही. तू साखळी काढ किंवा नको काढूस. आपण दोघी जिथे उभ्या आहोत तिथेच राहू, आणि जन्मभर भांडू. मला भांडायला कंटाळा नाही, तुला तर नाहीच.

पण काल तू वाजवलंस आणि मी गायले. गावाने ऐकलं. हे आता तुला पुसता येणार नाही आणि मला लपवायचं नाही.

तुझी,
मार्नी